दाद कुणाकडे मागायची?

माझी मावशी आयुष्यभर नागपूरला फौजदारी वकिली करत आली. आणीबाणीत ती नवखी वकील होती. नेलेल्या माणसाला न्यायालयासमोर हजर करा अशी मागणी करणारी हेबिअस कॉर्पसची याचिका म्हणजे काय, हे ती पुस्तकांपेक्षा त्या महिन्यांत जास्त शिकली. मी स्पॅनिश शिकले ती अर्जेंटिनात ज्यांची मुलं नाहीशी केली गेली त्या आयांच्या साक्षी मुळातून वाचता याव्यात म्हणून. सरकारच्याच माणसांनी कुणाला उचलून नेलं आणि नंतर ‘आमच्याकडे नाहीच’ म्हणून हात झटकले, तर घरच्यांनी दाद कुणाकडे मागायची, यावर आम्हा दोघींचं कधी एकमत झालेलं नाही. ती म्हणते, आपल्या न्यायालयात. मी म्हणते, जिथे ऐकून घेतील तिथे, मग ते जिनिव्हातलं संयुक्त राष्ट्रांचं कार्यालय असो की वॉशिंग्टनचा मानवी हक्क आयोग. वेळोवेळी झालेलं हे बोलणं इथे सलग मांडते आहे.

मावशी : आधी मला पहिल्या दिवसाचं सांग. रात्री दोन वाजता जीप आली, मुलाला घेऊन गेली. सकाळी आई ठाण्यात गेली, तर ठाणेदार म्हणतो, आमच्या डायरीत अशी नोंदच नाही. छावणीवर गेली, तिथेही तेच. या बाईने त्या दिवशी जिनिव्हाला पत्र लिहीत बसायचं का? तिथे तिला ओळखतं कोण? हेबिअस कॉर्पसची याचिका साध्या पत्रावरसुद्धा दाखल करून घेतात. न्यायमूर्तींनी मनावर घेतलं, तर दुपारपर्यंत तो ठाणेदार त्यांच्यासमोर उभा असतो. परदेशातली कुठली समिती एवढं करू शकते?

मी : मनावर घेतलं तर, असं तूच म्हणालीस. २४ मार्च १९७६ ला अर्जेंटिनात लष्कराने सत्ता घेतली, आणि घरच्यांनी अगदी तू म्हणतेस तेच केलं. हजारो हेबिअस कॉर्पस दाखल झाले. न्यायाधीश पोलिसांना विचारायचे, पोलीस लिहून द्यायचे की अशी कुणी व्यक्ती ताब्यात नाही, आणि न्यायाधीश प्रकरण निकाली काढायचे. न्यायालयं उघडी होती, कारकून शिक्के मारत होते, माणूस तेवढा मिळत नव्हता. आया गृहमंत्रालयात गेल्या, नौदलाच्या चर्चमधल्या पाद्र्याकडे गेल्या. रांगेत उभं राहून राहून एकमेकींची तोंडओळख झाली. शेवटी ३० एप्रिल १९७७ ला चौदा बायका राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीसमोर, प्लाझा दे मायो चौकात जमल्या. जमावबंदी होती. पोलीस म्हणाले, इथे थांबू नका, चालत राहा. मग त्या दोघी-दोघी हातात हात घालून चालू लागल्या. पुढे गुरुवार ठरला, दुपारी साडेतीनची वेळ ठरली.

मावशी : म्हणजे आपल्याच देशात, आपल्याच सरकारच्या दारात उभ्या राहिल्या. मी दुसरं काय सांगते?

मी : उभ्या राहिल्या, आणि त्यांना ‘चौकातल्या वेड्या’ म्हटलं गेलं. १० डिसेंबर १९७७ ला, मानवी हक्क दिनाच्या दिवशी, त्यांनी वर्गणी काढून वर्तमानपत्रात आपल्या नाहीशा झालेल्या मुलांसाठी जाहिरात छापून आणली. त्याच दिवशी त्यांची पुढारी आसुसेना व्हियाफ्लोर हिला घराजवळून उचललं. त्याआधी दोन दिवस सांता क्रूझ चर्चमधून आणखी काही जणांना नेलं होतं, त्यात आयाही होत्या. नौदलाचा अधिकारी आल्फ्रेदो आस्तीस आपला भाऊ नाहीसा झालाय असं सांगून त्यांच्यात मिसळला होता, त्याने माणसं दाखवून दिली. अशा वेळी घरचं न्यायालय, घरचं वर्तमानपत्र, घरचं चर्च, यातलं काय उरलं होतं त्यांच्याकडे? पुढच्या वर्षी विश्वचषक फुटबॉलसाठी परदेशी पत्रकार आले. त्यातल्या डच मंडळींनी सामना सोडून चौकात कॅमेरा नेला. या बायकांचे चेहरे जगाने पाहिले ते तेव्हा.

मावशी : न्यायालय कोसळतं म्हणजे काय, ते मला अर्जेंटिनाने शिकवायची गरज नाही. आमच्या नागपूर खंडपीठाने, आणि देशातल्या इतरही उच्च न्यायालयांनी, आणीबाणीतल्या स्थानबद्धांच्या याचिका ऐकता येतील असा निकाल दिला होता. तो सगळा २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी पुसून टाकला. जीव घेतला तरी आणीबाणी असेपर्यंत दाद नाही, इथपर्यंत सरकारची बाजू गेली होती. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरोधात राहिले, आणि त्यांना मिळायचं सरन्यायाधीशपद गेलं. त्या दिवशी बार रूममध्ये कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पण पुढचं ऐक. राजन नावाचा कालिकतच्या इंजिनिअरिंग कॉलेजातला मुलगा १ मार्च १९७६ ला पोलिसांनी नेला होता. त्याचे वडील टी. व्ही. ईच्चर वारियर, हिंदीचे प्राध्यापक, वर्षभर दारोदार फिरले. आणीबाणी उठल्याबरोबर ते केरळ उच्च न्यायालयात गेले. ज्या सरकारने मुलगा ताब्यातच नव्हता म्हणून सांगितलं, त्याला तो कोठडीत मेल्याचं कबूल करावं लागलं. मुख्यमंत्री करुणाकरन यांना राजीनामा द्यावा लागला. एका बापाने हे केलं, आपल्याच देशाच्या न्यायालयात, कुणा परक्याची शिफारस न आणता.

मी : आणीबाणी उठल्यावर. मावशी, तो बाप त्या वर्षभरात काय करत होता? मंत्र्यांना भेटत होता, खासदारांना अर्ज देत होता, तुरुंगांच्या दाराशी जात होता. निकाल लागला तरी मुलाचा देह त्यांना कधी मिळाला नाही. मतदारांनी सरकार पाडलं नसतं, तर ती याचिका दाखल तरी झाली असती का? माझं म्हणणं त्या मधल्या काळाबद्दल आहे. घरचं दार बंद आहे, ते उघडेल की नाही ठाऊक नाही, आणि उघडेपर्यंत पुरावे संपत चाललेत. साक्षीदार मरतात, नोंदवह्या जाळल्या जातात, आई स्वतः थकते. त्या काळात तिची गोष्ट कुणीतरी, सरकारचा हात पोचणार नाही अशा जागी, लिहून ठेवायला हवी.

मावशी : लिहून ठेवल्याने काय होतं ते सांग. भावनेचं नको, घडलेलं सांग.

मी : एमिलियो मिग्नोने नावाचे वकील होते. १४ मे १९७६ च्या पहाटे त्यांच्या मुलीला, मोनिकाला, घरातून नेलं. मिग्नोने पूर्वी वॉशिंग्टनला अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेत नोकरीला होते. त्या संघटनेचा मानवी हक्क आयोग आहे, त्याच्याकडे तक्रार कशी जाते, कागद कोणत्या टेबलावर थांबतो, हे त्यांना आतून माहीत होतं. असे काही जाणकार आणि हजारो अडाणी म्हणाव्या अशा गृहिणी, यांनी मिळून तक्रारी पाठवल्या. सप्टेंबर १९७९ मध्ये तो आयोग प्रत्यक्ष अर्जेंटिनात आला. ब्यूनोस आयर्समध्ये आवेनिदा दे मायो रस्त्यावर त्यांच्या कचेरीसमोर माणसांची रांग लागली. त्याच दिवसांत अर्जेंटिनाच्या तरुण संघाने तोक्योत तरुणांचा फुटबॉल विश्वचषक जिंकला, तर रेडिओवरून लोकांना सांगितलं गेलं, चला, तिथेच जाऊन जल्लोष करा, त्या परदेशी पाहुण्यांना आपला खरा देश दाखवा. एकीकडे झेंडे घेऊन नाचणारी पोरं आणि दुसरीकडे फोटो घेऊन उभ्या असलेल्या आया. तरी रांग हलली नाही. आयोगाने ५,५८० तक्रारी नोंदवून घेतल्या. १९८० मध्ये अहवाल निघाला, देशात त्यावर बंदी होती, तरी तो चोरून आत आला. ज्या गोष्टी सरकार नाकारत होतं, त्या एका अधिकृत आंतरराष्ट्रीय कागदावर नावांनिशी आल्या. १९८३ मध्ये लोकशाही आली तेव्हा सत्यशोधन आयोगाला कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागली नाही. त्यांनी ८,९६१ जणांची यादी छापली, मानवी हक्क संघटना ३० हजार म्हणतात. आणि १९८५ मध्ये लष्करी सत्ताधाऱ्यांवर त्यांच्याच देशाच्या नागरी न्यायालयात खटला उभा राहिला.

मावशी : त्यांच्याच देशाच्या न्यायालयात. हे तू स्वतः म्हणालीस, ते मी धरून ठेवते. आता मोठ्या राष्ट्रांचं ऐक, कारण तू ज्याला आधार म्हणतेस त्याच्यामागे तीच आहेत. जून १९७६ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हेन्री किसिंजर अर्जेंटिनाच्या परराष्ट्रमंत्र्यांना भेटले. त्या भेटीचे कागद आता खुले झालेत. जे करायचं असेल ते लवकर उरका, असा त्यांचा सल्ला होता. पुढे अमेरिकेत कार्टर राष्ट्राध्यक्ष झाले आणि वॉशिंग्टन मानवी हक्कांवर बोलू लागलं, ते गेले आणि पुन्हा सूर बदलला. तिकडे सोव्हिएत रशियाला अर्जेंटिनाचा गहू हवा होता, म्हणून कम्युनिस्टांचा छळ करणाऱ्या त्या सरकारला संयुक्त राष्ट्रांत वाचवायला तो पुढे. अशांच्या भरवशावर आईने बसायचं? आज त्यांच्या राजकारणात तुमचा मुलगा बसतो म्हणून ते बोलतात, उद्या व्यापाराचा करार झाला की फोटो खाली.

मी : यातलं एकही वाक्य मी नाकारणार नाही. आणि तरीही त्याच राजकारणातून घरच्यांनी काय काढून घेतलं ते बघ. अर्जेंटिनाचं नाव घेऊन ठराव करणं संयुक्त राष्ट्रांत अशक्य झालं होतं. जिनिव्हातला त्यांचा राजदूत प्रत्येक प्रयत्न हाणून पाडत होता. मग कुठल्याच देशाचं नाव न घेता, ‘नाहीशा केलेल्या व्यक्ती’ हा विषय धरून फेब्रुवारी १९८० मध्ये पाच तज्ज्ञांचा कार्यगट नेमला गेला. नाव नाही म्हणून तो कुठल्याही देशाचं प्रकरण हातात घेऊ शकतो. आजवर त्याने ६० हजारांहून जास्त प्रकरणं शंभरावर देशांच्या सरकारांपुढे ठेवली आहेत. तिथे तक्रार करायला आधी स्वतःच्या देशातली सगळी न्यायालयं पार करावी लागत नाहीत. वकील लागत नाही, शुल्क नाही. माणसाचं नाव, कधी नेलं, कुठून नेलं, कोणी नेलं असा संशय आहे, शेवटचं कोणी पाहिलं, शोधायला काय काय केलं, एवढं हवं. घरच्यांची संमती हवी. तक्रार पाठवणाऱ्याने सांगितलं तर त्याचं नाव सरकारला कळवत नाहीत. नुकतंच नेलं असेल तर तातडीच्या मार्गाने, कार्यगटाच्या बैठकीसाठी न थांबता, थेट त्या देशाच्या परराष्ट्रमंत्र्याला विचारणा जाते.

मावशी : विचारणा जाते. उत्तर?

मी : पुष्कळदा येत नाही. किंवा येतं ते तुझ्या ठाणेदाराचंच, की नोंद नाही.

मावशी : मग?

मी : मग प्रकरण उघडं राहतं. माणसाचं काय झालं ते स्पष्ट होईपर्यंत ते यादीत राहतं. पंधरा वर्षं, तीस वर्षं. सरकार बदलतं, मंत्री मरतो, पण जिनिव्हाच्या यादीतलं नाव खोडता येत नाही. सप्टेंबर १९७९ मध्ये, आयोग देशात असतानाच, लष्करी सरकारने एक कायदा काढला. नाहीशी झालेली माणसं मेली असं गृहीत धरून तसा दाखला घ्यायची सोय. नातेवाईकांनी मागायचा, नाहीतर सरकारही मागू शकत होतं. दाखला घेतला की पेन्शन, मालमत्ता, पुनर्विवाह, सगळं सुटतं. आणि खुनाचा प्रश्नही सुटतो, सरकारच्या बाजूने. आयांनी तो दाखला नाकारला. गरिबीत दिवस काढणाऱ्या सुनासुद्धा नाकारत होत्या.

मावशी : आपल्याकडे पुरावा कायद्याचं कलम १०८ होतंच की. सात वर्षं ज्याची खबर नाही, तो मेला असं न्यायालय मानू शकतं. नव्या कायद्यातही ते आहे. बोटीवरून पडलेल्या, कुंभमेळ्यात हरवलेल्या माणसासाठी केलेली सोय ती. मी अशी प्रकरणं चालवलीत. कायदा वाईट नाही गं. पण ज्याने नेलं त्यानेच सात वर्षं थांबायचं आणि मग मृत्यूचा दाखला पुढे करायचा, याला माझ्याकडेही उत्तर नाही.

मी : अर्जेंटिनाने ते नंतर शोधलं. १९९४ मध्ये कायदा केला आणि ‘बळाने नाहीसं केल्यामुळे अनुपस्थित’ अशी वेगळी कायदेशीर अवस्था मानली. घरच्यांना हक्क मिळतात, आणि मुलाला मेलेला म्हणून सही करावी लागत नाही. काश्मीरमधल्या, नवरा नाहीसा झालेल्या ज्या बायकांना लोक ‘हाफ विडो’ म्हणतात, त्यांच्यासाठी हे किती मोठं आहे याचा विचार कर.

मावशी : चांगला कायदा आहे. त्यांच्या संसदेने केला. आता मला एक बोचणारी गोष्ट बोलू दे. सांता क्रूझ चर्चच्या वेळी, त्याच दिवसांत, दोन फ्रेंच जोगिणी नेल्या होत्या ना?

मी : आलिस दोमाँ आणि लेओनी द्युके.

मावशी : फ्रान्सने त्या दोघींसाठी आकाशपाताळ एक केलं. आस्तीसला १९९० मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने गैरहजेरीत जन्मठेप दिली. बरोबरच केलं. पण त्याच आठवड्यात, त्याच माणसाच्या इशाऱ्यावरून ज्या बाकीच्या बायका-पुरुषांना नेलं, त्यांच्यासाठी कुठला देश उठला? त्यांच्याकडे परदेशी पासपोर्ट नव्हता. तुझ्या आंतरराष्ट्रीय आधारात ही उतरंड आहे. ज्याची गोष्ट इंग्रजीत सांगता येते, ज्याचा फोटो चांगला आहे, ज्याची आई व्यासपीठावर बोलू शकते, तो पुढे. कारखान्यातून उचललेला कामगार, खेड्यातला शेतकरी मागे. न्यायालयात निदान कायद्याने तरी सगळे याचिकाकर्ते सारखे असतात.

मी : ही उतरंड खरी आहे, आणि चीड येण्यासारखीच आहे. मी फक्त पुढचं सांगते. त्या बायकांचे देह डिसेंबर १९७७ मध्येच समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकले होते. विमानातून फेकलेल्या माणसांचे देह. जनरल लाव्हाये नावाच्या गावच्या दफनभूमीत त्यांना बेनाव पुरलं. लोकशाही येण्याआधीपासूनच आज्यांनी, म्हणजे ज्यांच्या गरोदर मुली नेल्या आणि ज्यांची नातवंडं कैदेत जन्मून दुसऱ्यांच्या घरी वाढवली गेली त्या आज्यांनी, परदेशी शास्त्रज्ञांना गाठलं. आईबाप नसताना आजीच्या रक्तावरून नातवंड ओळखता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. मेरी-क्लेअर किंग या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ बाईंनी त्याचं गणित बसवलं. क्लाइड स्नो नावाचे हाडांचे जाणकार १९८४ मध्ये आले, त्यांनी तिथल्याच विद्यार्थ्यांना कबरी शास्त्रशुद्ध उकरायला शिकवलं. त्या पोरांचं पथक उभं राहिलं, आणि २००५ मध्ये त्यांनीच लेओनी द्युके आणि आसुसेना व्हियाफ्लोर दोघींनाही ओळखलं. फ्रेंच जोगीण आणि कामगार घरातली आई. आसुसेनाची रक्षा त्याच चौकात पुरली आहे. आज्यांना २०२५ पर्यंत १४० नातवंडं सापडली. आणि बालहक्कांच्या करारात मुलाची ओळख जपण्याचा जो हक्क १९८९ मध्ये आला, तो या आज्यांच्या रेट्यामुळे आला.

मावशी : या आज्यांपुढे मी हात जोडते. पण सगळ्या आयांना ही हाडं हवी होती का?

मी : नाही. एबे दे बोनाफिनी आणि त्यांच्याबरोबरच्या आयांचा कबरी उकरायला विरोध होता. आम्ही मुलं जिवंत मागितली, हाडांची पिशवी देऊन आमचं तोंड बंद करू नका, अशी त्यांची भूमिका. १९८६ मध्ये आयांची संघटना दुभंगली, त्यामागे हेही एक कारण होतं.

मावशी : बघ, म्हणजे बाहेरचा शास्त्रज्ञ मदतीला येतो तेव्हाही ती मदत कुणाला आधार वाटते आणि कुणाला घाव. हे ठरवायचा अधिकार त्या आईचा. बाहेरच्या संस्थांच्या अहवालांत ‘कुटुंबीयांची मागणी’ असं एकवचन असतं, ते वाचून मला राग येतो. घरात नवऱ्याला वाटतं खटला चालवावा, बायकोला वाटतं उरलेला मुलगा वाचवावा. भावाला भरपाई घ्यायची असते, बहीण म्हणते पैसा शिवायचा नाही. मी असली घरं पाहिली आहेत. त्यांच्यात कोण खरं, हे परक्याने ठरवू नये.

मी : वकिलानेही ठरवू नये.

मावशी : वकिलानेही नाही, मान्य. पण वकील निदान त्याच गावात राहतो, निकालानंतर बाजारात त्यांच्या समोर येतो.

मी : तुझ्यातल्या वकिलासाठी मी एक निकाल आणला आहे. होंडुरासमध्ये १२ सप्टेंबर १९८१ ला मान्फ्रेदो वेलास्केझ या विद्यार्थ्याला भर दिवसा नेलं. घरच्यांनी महिन्याच्या आत वॉशिंग्टनच्या त्याच मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. त्याच्या बहिणीने इतर घरांना बरोबर घेऊन संघटना बांधली. प्रकरण कोस्टारिकातल्या सान होसे इथल्या, अमेरिकी खंडाच्या मानवी हक्क न्यायालयात गेलं. २९ जुलै १९८८ ला निकाल लागला. देह नाही, कोठडीची नोंद नाही, साक्षीदार घाबरलेले. तरी न्यायालयाने म्हटलं की त्या काळात त्या देशात अशा रीतीने माणसं नाहीशी करण्याची पद्धत होती हे सिद्ध झालं, आणि हा माणूस त्या पद्धतीत बसतो हेही सिद्ध झालं, तर परिस्थितीजन्य पुरावा पुरेसा आहे. पुरावा सरकारच्या हातात असताना तो नागरिकाने आणावा, असं सरकारला म्हणता येणार नाही. आणि माणसाचं काय झालं हे कळेपर्यंत तपासाचं बंधन संपत नाही.

मावशी : हा निकाल मी वाचलाय. सुंदर निकाल आहे. आपल्या न्यायालयानेही १९८४ मध्ये मणिपूरच्या दोन माणसांच्या बाबतीत, सेबास्टियन होंगरे प्रकरणात, सैन्याचं म्हणणं नाकारलं होतं. आम्ही त्यांना सोडून दिलं होतं, असं सरकार सांगत राहिलं, न्यायालयाने विश्वास ठेवला नाही. माणसं हजर करता आली नाहीत म्हणून त्यांच्या बायकांना प्रत्येकी एक लाख द्यायला लावले. पण सान होसेच्या निकालाने उभा केलेला तो तपासाचा नियम आमच्याकडे तितका स्पष्ट नाही, हे मी मानते. मला एवढंच सांग, त्या खटल्यात साक्षीदारांचं काय झालं?

मी : जानेवारी १९८८ मध्ये, खटला चालू असताना, त्यातल्या दोघांना गोळ्या घातल्या.

मावशी : सान होसेचं न्यायालय त्यांना वाचवू शकलं नाही.

मी : नाही. आणि तुझं उच्च न्यायालय वाचवू शकलं असतं का, हे तूच सांग. पंजाबात मानवी हक्क कार्यकर्ते जसवंतसिंग खालरा यांनी अमृतसरच्या स्मशानांच्या नोंदवह्या तपासल्या. पोलिसांनी आणलेल्या ‘बेवारस’ देहांसाठी किती लाकडं दिली, याचे हिशेब. त्यांनी देशातली दारं ठोठावली, आणि १९९५ मध्ये कॅनडात जाऊन तिथल्या लोकांपुढे हे मांडलं. तिथेच राहा असं म्हणणारे होते, पण ते परतले. ६ सप्टेंबर १९९५ ला त्यांना अमृतसरच्या घरासमोरून नेलं.

मावशी : पुढचं मी सांगते, कारण ते माझ्या बाजूचं आहे. त्यांची पत्नी परमजीत कौर सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने सीबीआयला तपासाला लावलं. सीबीआयने एकट्या अमृतसर जिल्ह्यात २,०९७ बेकायदा अंत्यसंस्कार मोजले. खालरांच्या खुनासाठी २००५ मध्ये पोलिसांना शिक्षा झाली, २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. जिनिव्हाने ही शिक्षा दिलेली नाही.

मी : एका माणसाच्या खुनासाठी शिक्षा झाली. त्या दोन हजारांचं काय? ते काम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपवलं. आयोगाने स्वतःला अमृतसरच्या स्मशानांपुरतं बांधून घेतलं आणि शेवटी भरपाईवर आणून ठेवलं. पंजाबच्या बाकीच्या जिल्ह्यांतल्या आयांनी कुठे जायचं होतं? आणि प्रकरण सशस्त्र दलांविरुद्ध असेल, तर आपल्या आयोगाला स्वतः चौकशी करता येत नाही, केंद्राकडून अहवाल मागवता येतो फक्त. घटना वर्षभरापेक्षा जुनी असेल तर तोही मार्ग बंद. ज्या गुन्ह्याचा स्वभावच वर्षानुवर्षं चालू राहण्याचा आहे, त्याला एक वर्षाची मुदत!

मावशी : ती मुदत चुकीची आहे. मी बार कौन्सिलच्या सभेत हे बोलले आहे.

मी : आणि बाहेर जायचं म्हटलं तरी भारतीय आईसाठी वाट अरुंद आहे. नाहीसं करण्याविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर आपण ६ फेब्रुवारी २००७ ला सही केली. अजून मंजुरी दिलेली नाही. म्हणजे त्या कराराच्या समितीकडे आपल्या आईला जाता येत नाही. नागरी हक्कांच्या जुन्या करारात आपण १९७९ पासून आहोत, पण व्यक्तीने थेट तक्रार करण्याची सोय आपण स्वीकारलेली नाही. उरतो तो १९८० चा कार्यगट. श्रीनगरमध्ये परवीना अहंगर यांनी १९९४ मध्ये नाहीशा झालेल्यांच्या घरच्यांची संघटना काढली. दर महिन्याला बागेत बसायचं, फोटो मांडायचे, फायली जपायच्या. २०१७ मध्ये नॉर्वेचा राफ्टो पुरस्कार त्यांना मिळाला. मुलगा मिळाला नाही. पण ती फाईल आता फक्त त्यांच्या कपाटात नाही.

मावशी : श्रीलंकेने तर मंजुरी दिली ना? २०१६ मध्ये. हरवलेल्यांसाठी स्वतंत्र कार्यालयही काढलं. जिनिव्हात ठराव होत राहिले. आणि तिथे किलिनोच्चीत नाहीशा झालेल्यांच्या आया फेब्रुवारी २०१७ पासून रस्त्याच्या कडेला बसून आहेत. त्यातल्या कितीतरी बसल्या जागी म्हाताऱ्या होऊन गेल्या. मंजुरीने काय दिलं त्यांना? उलट सरकारला दाखवायला एक कार्यालय मिळालं.

मी : म्हणूनच त्या आया त्या कार्यालयाकडे जायला तयार नाहीत, आंतरराष्ट्रीय चौकशीच मागतात. घरच्या संस्थेवरचा त्यांचा विश्वास संपला आहे. तू त्यांना काय सांगशील, कोलंबोच्या न्यायालयात जा?

मावशी : गेल्या आहेत त्या. वावुनियाच्या न्यायालयात हेबिअस कॉर्पस चालले आहेत, वर्षानुवर्षं तारखा घेत. मी सांगेन, सोडू नका. कारण उद्या कुणाला तुरुंगात घालायचं असेल, तर ते तिथलंच न्यायालय घालेल. अर्जेंटिनात काय झालं? तू सांगितलेल्या त्या सगळ्या अहवालांनंतर १९८६-८७ मध्ये संसदेने खटले थांबवणारे कायदे केले, नंतर राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली. खुनी रस्त्यावर मोकळे फिरत होते. वॉशिंग्टनच्या त्या मानवी हक्क आयोगाने १९९२ मध्ये म्हटलं, हे कायदे चूक आहेत. पुढे कितीतरी वर्षं फारसं काही हललं नाही. २००५ मध्ये अर्जेंटिनाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे रद्द ठरवले, तेव्हा दारं उघडली. २०११ मध्ये आस्तीसला जन्मठेप झाली, आणि या वेळी तो न्यायालयात हजर होता.

मी : त्या २००५ च्या निकालाचा आधार काय होता, ते वाचलंस ना? आंतरराष्ट्रीय करार आणि सान होसेच्या न्यायालयाचे निकाल. वेलास्केझच्या बहिणीने जे उभं केलं, त्यावर ब्यूनोस आयर्सचे न्यायाधीश उभे राहिले.

मावशी : वाचलं आहे. म्हणून तर मी त्या निकालाला सुंदर म्हटलं. माझं भांडण क्रमाबद्दल आहे गं. तुमच्या पिढीतली मंडळी आधी बाहेर पत्र पाठवतात, आणि इथे एफआयआर झालेला नसतो. पंचवीस वर्षांनी न्यायालय जागं होतं तेव्हा विचारतं, त्या दिवशी तुम्ही काय दाखल केलं होतं? आणि हातात असतो परदेशी संस्थेचा गुळगुळीत अहवाल, ज्यात ठाण्याचं नाव चुकलेलं असतं. मला पहिल्या दिवसाचा कागद लागतो. जीपचा नंबर, कोणत्या शेजाऱ्याने पाहिलं, त्याने काय कपडे घातले होते, ठाण्यात कुणाशी बोललात, त्याने तक्रार घेतली नसेल तर पोस्टाची रजिस्टर पावती. आपल्याकडे ‘बळाने नाहीसं करणं’ हा वेगळा गुन्हाच नाही, नव्या न्याय संहितेतही नाही. म्हणजे अपहरण आणि खून यातच बसवावं लागतं, आणि लष्कर असेल तर खटल्याला केंद्राची परवानगी. इतकं सगळं पार करायचं तर कागद लोखंडासारखा हवा.

मी : तोच कागद जिनिव्हालाही लागतो. तिथल्या अर्जात हेच सगळं विचारतात. समज, उद्या अशी एक आई तुझ्याकडे आली. तू तिच्या वतीने त्या अर्जावर सही करशील?

मावशी : साडेदहाला याचिका दाखल करेन. मग तुझा तो अर्ज आण, आणि त्यात माझ्या याचिकेचा क्रमांक लिही. क्रमांक नसेल तर सही करणार नाही.

मी : आणि ज्या आईला न्यायालयाच्या आवारातच धमकी मिळाली, जिचा वकील वकीलपत्र घ्यायला नाही म्हणाला, तिच्याकडे क्रमांक कुठून येणार? कार्यगट तो मागत नाही, तू का मागतेस?

मावशी : तिच्या अर्जावर क्रमांक न पाहता सही करेन. पण वकील नाही म्हणाला, हेही त्या अर्जात लिही. वकिलाचं नाव घालून लिही.